सोडियम पाण्यात टाकण्याआधी

चाळिशीतल्या माणसाला आज सोडियम म्हणजे काय हे जाणून घ्यावंसं वाटलं तर तो पुस्तक शोधत नाही, फोन काढतो. समोर दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ येतो. तेलात बुडवून ठेवलेला राखाडी तुकडा चिमट्याने बाहेर काढला जातो, सुरीने सहज कापला जातो, कापलेली बाजू लखलखते आणि बघता बघता काळवंडते. मग तुकडा पाण्यात पडतो, पृष्ठभागावर सैरावैरा पळतो, पेट घेतो, फुटतो. व्हिडिओ संपतो. लक्षात राहतं ते एवढंच, की सोडियम म्हणजे पाण्यात टाकला की भडका उडवणारा धातू. पुढे कधीतरी रक्तदाब वाढलेला निघतो आणि डॉक्टर सांगतात, ‘जेवणातलं सोडियम कमी करा.’ व्हिडिओतलं सोडियम आणि जेवणातलं सोडियम यांची त्याच्या डोक्यात गाठच पडत नाही.

मूलद्रव्यांवरच्या छोट्या व्हिडिओंचं मोठं अपयश मला या न पडलेल्या गाठीत दिसतं. हे व्हिडिओ मूलद्रव्याचा तुकडा दाखवतात, मूलद्रव्य दाखवत नाहीत. शाळकरी मुलाला पुढे वर्ग आहे, शिक्षक आहेत, परीक्षा आहे. तुकड्यापासून निघून तो कधीतरी संयुगांपर्यंत पोचेल. मोठ्या माणसाच्या पुढे यातलं काही नाही, त्याच्यासाठी तो व्हिडिओ हाच वर्ग. म्हणून त्याच्यासाठीचा व्हिडिओ निराळ्या क्रमाने बांधायला हवा. त्याच्या हातात रोज येणाऱ्या पदार्थापासून तो सुरू व्हावा आणि उत्तर देण्याआधी त्याने बघणाऱ्याला अंदाज बांधायला लावावं.

या प्रकारातलं मला सर्वांत आवडणारं काम इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात झालं. मूळचा ऑस्ट्रेलियाचा व्हिडिओ-पत्रकार ब्रॅडी हॅरन आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक मार्टिन पोलियाकॉफ यांनी २००८ साली ‘पीरिऑडिक टेबल ऑफ व्हिडिओज’ सुरू केलं. आवर्तसारणीतल्या प्रत्येक मूलद्रव्याला एक छोटा व्हिडिओ. लिहिलेली संहिता नव्हती. हॅरन रसायनशास्त्रज्ञ नव्हता, त्यामुळे तुमच्या-माझ्या मनात येतील तेच प्रश्न तो विचारायचा आणि पिंजारलेल्या पांढऱ्या केसांचे पोलियाकॉफ बोलता बोलता विचार करत उत्तर द्यायचे. जे मूलद्रव्य जगात मोजक्या अणूंपुरतंच तयार झालं आहे, त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही हे ते सरळ मान्य करायचे. मोठ्या माणसाला हा सूर मानवतो. समोरचा आपल्याला शिकवत नसून आपल्यासोबत नवल करतो आहे असं त्याला वाटतं, आणि शाळेत रसायनशास्त्राचा धसका घेतलेले कितीतरी लोक अशा व्हिडिओंमुळे पुन्हा त्या विषयाच्या दारात आले असतील. तरीही एका चौकटीला एक व्हिडिओ हा साचा तिथेही आहेच, आणि तो साचाच प्रत्येक मूलद्रव्याला त्याच्या संसारापासून तोडून एकटं उभं करतो.

मोठ्या माणसाच्या मनात मूलद्रव्याची कल्पना बहुधा सोन्यावरून तयार होते. सोनं, चांदी, तांबं, लोखंड, शिसं, पारा ही मूलद्रव्यं आपण सुट्या रूपात पाहिली आहेत, हाताळली आहेत. त्यामुळे मूलद्रव्य म्हणजे शुद्ध माल, बिनभेसळीचा पदार्थ, अशी समजूत घट्ट बसते. सोन्यापुरती ती निभावते. मीठ हे सोडियम आणि क्लोरीन यांचं बनलेलं आहे असं कळलं की चांगला विचारी माणूसही मनात म्हणतो, मग ते पाण्यात फुटत कसं नाही? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, रसायनशास्त्राच्या गाभ्याचा आहे. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने स्वतः साधा पदार्थ आणि मूलद्रव्य यांत भेद केला होता. कोळसा आणि हिरा हे पदार्थ, कार्बन हे मूलद्रव्य. पदार्थ दिसतो, वितळतो, जळतो. मूलद्रव्य या सगळ्या रूपांतरांतून टिकून राहतं. आवर्तसारणीच्या चौकटींत मूलद्रव्यं बसली आहेत आणि कॅमेऱ्यात मावतो तो पदार्थ.

ही अडचण व्हिडिओनेच सोडवता येते, कारण रूपांतर दाखवणं त्याला पुस्तकापेक्षा कितीतरी चांगलं जमतं. सोन्याचंच घ्या. माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल सुवर्णपदकं कोपनहेगनमध्ये नील्स बोर यांच्या संस्थेत सुरक्षित ठेवायला दिलेली होती. एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य शहरात शिरलं तेव्हा तिथले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज हेवेशी यांनी ती आम्लराजात विरघळवून टाकली. कारण पदकांवर नावं कोरलेली होती आणि जर्मनीबाहेर सोनं पाठवणं हा तिथे गंभीर गुन्हा होता. ते द्रावण युद्ध संपेपर्यंत प्रयोगशाळेच्या फळीवर उघड पडून राहिलं. नंतर त्यातून सोनं परत काढलं गेलं आणि नोबेल प्रतिष्ठानने पदकं पुन्हा घडवून दिली. फळीवरच्या त्या बाटलीत सोन्याची चकाकी नव्हती, कठीणपणा नव्हता, सोनं म्हणून ओळखू येण्यासारखं काहीच नव्हतं. तरी सोनं होतं. हीच गोष्ट आपल्याकडे सराफ बाजारातली धूळ धुणाऱ्या झारेकऱ्याला आणि तेजाबात सोनं विरघळवून शुद्ध करणाऱ्या कारागिराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दागिना, पिवळट द्रव, तपकिरी भुकटी आणि पुन्हा दागिना, असा तीन मिनिटांचा व्हिडिओ एखाद्या कारागिराच्या तोंडून ऐकवला तर मूलद्रव्य म्हणजे काय हे व्याख्येवाचून कळेल.

सोडियमसाठी तर ओळखीच्या खुणा घराघरात आहेत. आमटी उतू जाऊन शेगडीवर सांडली की गॅसची निळी ज्योत पिवळी भडकते, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं आहे. तो पिवळा रंग मुख्यतः मिठातल्या सोडियमचा. मीठ, खायचा सोडा, धुण्याचा सोडा आणि अजिनोमोटो या चार पांढऱ्या पुड्या घ्या. चव वेगळी, काम वेगळं, किंमत वेगळी. ज्योतीत चिमूट सोडली की चारही पिवळ्या. इथे व्हिडिओ थांबवावा आणि विचारावं, या चौघांत सामाईक काय असेल? लोक बोलतील, चुकतील, वाद घालतील. त्यानंतर तो राखाडी तुकडा खुशाल दाखवावा आणि त्याचा भडकाही होऊ द्यावा. पण नेहमीचा व्हिडिओ जिथे संपतो तिथे हा संपू नये. धातू दिसेनासा झाल्यावर भांड्यात जे पाणी उरतं, त्याचा थेंब तारेच्या टोकावर घेऊन जाणकाराने ज्योतीत धरावा. ज्योत पुन्हा पिवळी. तुकडा संपला, सोडियम संपलं नाही. ते आता कॉस्टिक सोडा होऊन पाण्यात बसलं आहे. माझ्या मते शिकवण्याचा खरा क्षण हा आहे, आणि बहुतेक व्हिडिओंमध्ये नेमका तोच कापलेला असतो, कारण स्फोटानंतर कोणी बघत नाही असा बनवणाऱ्यांचा समज असतो.

इतकं कळलेल्या माणसाला डॉक्टरांचं बोलणं वेगळं ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम सुचवते, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ. पण सोडियम खारट चवीतच असतं असं नाही हे आता त्याला माहीत आहे. पापडातल्या पापडखाराकडे, ढोकळ्यातल्या सोड्याकडे तो स्वतःहून बोट दाखवू शकतो. हा हिशेब त्याला कोणी पाठ करायला दिलेला नाही.

मोठी माणसं कोरी पाटी घेऊन येत नाहीत हे प्रौढ शिक्षणातलं जुनं सत्य, आणि मूलद्रव्यांच्या बाबतीत ते फारच खरं आहे. डीएपी खताच्या पोत्यावरचं १८:४६:० शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. ४६ हा आकडा स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा, असं तो म्हणतो. खरं तर हा आकडा फॉस्फरसच्या ऑक्साइडच्या हिशेबात मोजलेला असतो; मूलद्रव्य म्हणून फॉस्फरस त्यात सुमारे २० टक्केच असतो. ही जुन्या रासायनिक विश्लेषणाची पद्धत खताच्या व्यापारात टिकून राहिली. मात्र त्याच शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट माहीत असते: चुनखडीच्या जमिनीत स्फुरद टाकलं तरी ते घट्ट धरलं जातं, पिकाला मिळत नाही. म्हणजे मूलद्रव्य जमिनीत हजर असू शकतं आणि तरीही चुकीच्या रूपात असल्यामुळे निरुपयोगी ठरू शकतं. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही चटकन न उमगणारी ही गोष्ट त्याला नांगराच्या अनुभवातून कळलेली आहे. कोणी तिला रसायनशास्त्र म्हटलेलं नाही, एवढंच. अशा माणसाला फॉस्फरस शिकवताना काळोखात चमकणारा पांढरा फॉस्फरस दाखवून सुरुवात करणं म्हणजे त्याचं सगळं ज्ञान दाराबाहेर काढून ठेवायला सांगणं. आशा ताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईचंही तेच. पाकिटावर फेरस सल्फेट असं नाव असतं आणि सोबत ‘एलिमेंटल आयर्न’ किती मिलिग्रॅम तेही छापलेलं असतं. एकाच गोळीवर ही दोन नावं का, यातून लोहाचा धडा सुरू होऊ शकतो.

नुसतं बघून समजत नाही, ही तक्रार फोनच्या कितीतरी आधीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची प्रात्यक्षिकांसह व्याख्यानं गाजत होती. ऐकायला जेन मार्सेट नावाची एक सुशिक्षित, प्रौढ स्त्री जात असे. प्रयोग इतक्या झपाट्याने होत की त्यांतून स्पष्ट कल्पना मनात ठरत नसे, असं तिने पुढे आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत नोंदवलं आहे. मग एका परिचिताशी त्याच विषयांवर निवांत बोलणं झालं आणि व्याख्यानं उलगडू लागली. त्या अनुभवातून तिने ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’ लिहिलं. शिक्षिका मिसेस बी. आणि एमिली व कॅरोलाइन या दोन मुली यांच्यातले हे संवाद १८०५ च्या अखेरीस निनावी प्रसिद्ध झाले. मुली मध्येच अडवतात, चुकीचं बोलतात, शंका काढतात. पुढे १८०७ मध्ये डेव्ही यांनी त्याच संस्थेत विजेच्या साहाय्याने पोटॅशियम आणि सोडियम पहिल्यांदा वेगळं केलं, आणि मार्सेटबाईंच्या पुढच्या आवृत्त्यांत तेही आलं. हे पुस्तक पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या एका गरीब मुलाने वाचलं, त्यातले जमतील ते प्रयोग स्वतः करून ताडून पाहिले. तो मायकेल फॅरडे. मार्सेटबाईंचं ऋण त्याने म्हातारपणीही कृतज्ञतेने मान्य केलं.

आजच्या व्हिडिओंबाबत हेच निराळ्या मार्गाने दिसून आलं आहे. पुढे ‘व्हेरिटॅसियम’ या वाहिनीमुळे प्रसिद्ध झालेले डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात पीएच.डी.साठी भौतिकशास्त्राच्या शैक्षणिक व्हिडिओंवर काम केलं. सरळ, स्वच्छ स्पष्टीकरण देणारा व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडला, सोपा वाटला, आणि त्यांची समज जवळजवळ होती तिथेच राहिली. ज्या व्हिडिओत एक पात्र लोकांच्या मनातल्या चुकीच्या समजुती बोलून दाखवतं आणि त्यांवर वाद होतो, तो गोंधळात टाकणारा वाटला. शिकणं मात्र त्यातून जास्त झालं. स्वच्छ व्हिडिओ पाहताना माणूस आपलीच जुनी समजूत पडद्यावर वाचतो आणि ‘हे तर मला माहीतच होतं’ म्हणून पुढे जातो. दुसरीकडे, ऑनलाइन अभ्यासक्रमांवरच्या २०१४ सालच्या एका मोठ्या अभ्यासात लोक सहा मिनिटांपलीकडे व्हिडिओत फारसे रमत नाहीत असं दिसलं, आणि तेव्हापासून ‘छोटं करा’ हा मंत्र सगळीकडे जपला जातो. त्या अभ्यासाने मोजलं होतं बघणं, शिकणं नव्हे. व्हिडिओ छोटा असावा हे मला मान्य आहे. पण वाचलेला वेळ पुढच्या व्हिडिओला न देता बोलण्याला द्यावा म्हणून.

बोलायचं काय, तर अंदाज. आवर्तसारणी भिंतीवर टांगून ‘इकडून तिकडे गुणधर्म बदलतात’ असं सांगितलं की प्रौढ माणूस आदराने मान डोलावतो आणि विसरतो. त्याऐवजी त्याला तीन आकडे द्या. लिथियम वितळतं सुमारे १८० अंश सेल्सियसला, सोडियम ९८ ला, पोटॅशियम ६३ ला. याच स्तंभातलं पुढचं रुबिडियम किती अंशांना वितळेल? कोणी पन्नास म्हणेल, कोणी चाळीस, कोणी तीस. खरा आकडा ३९ आहे. त्यानंतरचं सीझियम? आता लोक जपून बोलतात, कारण उतार मंदावतो आहे हे त्यांच्या ध्यानात आलेलं असतं. २८.५. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद नळीतलं सीझियम सावलीतही वितळलेलं असेल. एवढं झाल्यावर ती नळी दाखवणारा वीस सेकंदांचा व्हिडिओ पुरतो. स्वतः बांधलेला अंदाज खरा ठरताना पाहणं आणि कोणीतरी दाखवलेली चमत्कारिक वस्तू पाहणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेंडेलीव्हनेही हेच केलं होतं. १८६९ मध्ये त्याच्यासमोर ६३ मूलद्रव्यं होती. सारणीत त्याने रिकाम्या जागा सोडल्या आणि तिथे काय सापडेल ते लिहून ठेवलं. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये ल्कोक द ब्वाबोद्राँ यांना गॅलियम सापडलं, त्यांनी त्याची घनता ४.७ मोजली. ती ५.९ च्या आसपास असायला हवी, नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजा, असं मेंडेलीव्हचं म्हणणं होतं. पुन्हा मोजल्यावर ती ५.९ भरली. ज्याने पदार्थ पाहिलाही नव्हता त्याने, तो हातात धरलेल्या माणसाचं मोजमाप दुरुस्त केलं. आवर्तसारणीचा अर्थ सांगायला याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

व्हिडिओ फसवूही शकतो, हे शिकणाऱ्याला सांगितलंच पाहिजे. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या ‘ब्रेनियाक’ या मालिकेत रुबिडियम आणि सीझियम पाण्याच्या टबात टाकून प्रचंड स्फोट दाखवले गेले. प्रत्यक्षात त्या धातूंनी अपेक्षेइतकं काही केलं नव्हतं. टबात वेगळी स्फोटकं लावलेली होती. ती दृश्यं नंतर जगभर फिरली. याच विषयावर कॅमेऱ्याने खरं ज्ञानही दिलं आहे. फिलिप मेसन, पावेल युंगविर्थ आणि सहकाऱ्यांनी सोडियम-पोटॅशियमच्या द्रवरूप मिश्रधातूचा थेंब पाण्यात सोडून अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत थेंबातून काटे बाहेर पडताना दिसले. इलेक्ट्रॉन पाण्यात निघून जातात, मागे राहिलेले धनभार एकमेकांना रेटतात आणि धातू फाटतो, असं स्पष्टीकरण त्यांनी २०१५ मध्ये मांडलं. तोवर सगळं श्रेय तयार झालेल्या उष्णतेला आणि हायड्रोजनच्या पेटण्याला दिलं जाई. शाळेत शतकभर दाखवल्या गेलेल्या प्रयोगात अजून विचारण्यासारखं होतं.

आपल्याकडेही एक गोष्ट व्हिडिओंमधून पसरते आहे आणि ती मला खटकते. हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी लावला, असं अभिमानाने सांगितलं जातं. त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हते. ग्रहण पाहणारे पिएर झान्सेन गुंटूरला होते. सूर्याच्या वर्णपटातल्या ज्या पिवळ्या रेषेवरून हेलियम ओळखलं गेलं, ती लॉकियर यांनी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय, तपासली. विजयदुर्गला ते खरोखर आले, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर विल्यम रॅम्से यांनी १८९५ मध्येच हेलियम पृथ्वीवरच्या एका युरेनियमयुक्त खनिजातून मिळवलं होतं. विजयदुर्गाचा १८९८ चा मान खरा आहे आणि पुरेसा आहे. खोट्या गोष्टीपायी आपण खरी गोष्ट मात्र हरवतो. ग्रहणात दिसलेली ती रेषा आधी सोडियमचीच वाटली होती, कारण ज्योतीला पिवळी करणाऱ्या सोडियमच्या जोडरेषा तिच्या अगदी शेजारी आहेत. नीट मोजल्यावर ती किंचित बाजूला निघाली, आणि त्या किंचित अंतरातून एक नवं मूलद्रव्य हाती आलं. ज्याने शेगडीवरची पिवळी ज्योत सोडियमची म्हणून ओळखली आहे, त्याला सूर्यातलं हेलियम कसं ओळखलं हे आता समजू शकतं. तुकडा हातात नसताना मूलद्रव्य ओळखणं ही त्याच विद्येची पुढची पायरी.

मोठ्या माणसांना वेळ कुठे असतो, असं म्हटलं जाईल. बचत गटाच्या बैठकीला वेळ असतो, शेतकरी मेळाव्याला असतो, हरिनाम सप्ताहाला असतो. जिथे आपलं काही बोलायला मिळतं तिथे माणसं वेळ काढतात. दोन मिनिटांचा व्हिडिओ आणि त्यावर वीस मिनिटांचं बोलणं, हे प्रमाण या सगळ्या ठिकाणी बसतं. त्यासाठी परक्या दृश्यांवर मराठी आवाज चढवून भागणार नाही. आपल्या पुड्या, आपली पोती, आपली औषधाची पाकिटं कॅमेऱ्यासमोर यायला हवीत आणि बोलणारा थांबायला शिकलेला हवा. आणि प्रत्येक मूलद्रव्याचा पहिला प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर चुकलं तर काही बिघडतं. ‘कमी सोडियम’ असं छापलेल्या मिठाच्या पुड्यात सोडियम क्लोराइडच्या काही भागाऐवजी बहुधा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं धोक्याचं ठरू शकतं. पोटॅशियमचा व्हिडिओ त्या पुड्यापासून सुरू करावा.